कडक बाईंची दुसरी चक्कर

बाई रागावल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. सकाळी ऑफिसच्या जिन्यातच त्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि आम्ही हातातले चहाचे कप खाली ठेवायचो. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका त्यांना 'कडक बाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "कडक नाय तर काय मऊ राहू? पोरं वाढायची थांबत्यात का आपल्यासाठी?" एवढं बोलून त्या पुढच्या माणसावर उखडायला मोकळ्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जो हळवा सूर लावतात, तो मला लावता येत नाही. मलाही रागच येतो, आणि तो कुणाचा येतो तेही सांगणार आहे.

आमचं ऑफिस चिकलठाण्याला, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. ज्या बाळांची मान सावरत नाही, जी वेळेवर बसत नाहीत, हाकेला वळत नाहीत, त्यांना अगदी लहानपणीच ओळखून मदत सुरू करायची असते. ती करणाऱ्या सेविका, नर्स, थेरपिस्ट यांना सगळ्या राज्यात शिकवायचं आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, हे आमचं काम. सरकारी भाषेत याला 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. बाईंना तो शब्द सोसत नसे. "हस्तक्षेप करायला आपण पोलीस हावोत का?" मी फिजिओथेरपिस्ट, नुकतीच लागलेली. बाई आमच्या प्रमुख, पण नोकरी त्यांचीही कंत्राटी.

त्यांच्या वर्गात एका वाक्याला बंदी होती. एकदा सांगलीकडची एक सेविका सहज म्हणून गेली, "बोलेल हो मूल हळूहळू, त्याचे वडीलही उशिराच बोलले होते." बाईंनी खडू खाली टाकला. "माझ्या भावाला असंच म्हटले सगळे. करमाडला घरची एवढी शेतीवाडी, बैठकीत रोज माणसं, आणि एकालाही वाटलं नाय की पोराच्या कानाशी ताट वाजवून बघावं. शाळेत घालायला नेलं तवा कळलं, त्याला ऐकूच येत नाय."  ती सेविका रडायला लागली, तेव्हा बाईंनी तिला स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली आणि वर पुन्हा दटावलं, की रडून झालं असेल तर आता शीक.

पण बाईंचा खरा जीव वर्गात नव्हता. प्रशिक्षण संपलं, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटून झाली, की बाकीची खाती हात झटकून मोकळी होत. बाईंचं काम तिथून पुढे सुरू होई. "पहिली चक्कर सरकारची, दुसरी चक्कर आपली," असं त्या म्हणत. दुसरी चक्कर म्हणजे शिकून गेलेल्या सेविकेच्या गावी जायचं, तिच्यासोबत त्या बाळाच्या घरी जाऊन बसायचं आणि ती काय करते ते बघायचं. नंदुरबार असो की सिंधुदुर्ग, आमच्यापैकी कुणीतरी गेलंच पाहिजे. कंटाळा केला तर बाईंचा फोन यायचा, आणि तो फोन घेण्यापेक्षा एसटीचे धक्के बरे वाटायचे.

दुसरी चक्कर कशाला, हे मला पिशोरजवळच्या एका वस्तीवर बाईंसोबत गेले तेव्हा कळलं. धनगराचं घर, दारात शेळ्या, आणि बाळाला पाठीचा कणा सावरता येत नव्हता. आमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की अशा बाळाला दिवसभर झोळीत ठेवू नये, जमिनीवर खेळवावं. तिथल्या सेविकेने, सुनंदाताईंनी, ते इमानेइतबारे सांगितलं. त्या दिवसापासून त्या आईने अंगणवाडीकडे पाठच फिरवली. बाईंनी विचारलं तेव्हा ती फणकारली, "झोळी सोडू तर पोराला ठिवू कुठं? खाली इचू निघत्यात, शेरडं तुडवत्यात. तुमचं काय जातंय सांगायला!"

बाई माझ्याकडे वळल्या. "हे पुस्तिकेत लिहिलं कुणी?"

"तुम्हीच, बाई."

"मग मीच येडी," म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. त्या आईला विचारलं, "दिवसात तू खाली कधी बसतीस गं?" ती म्हणाली, भाकरी थापताना. बाईंनी तिला चुलीपुढे एक पाय लांब करून बसवलं, "हात लावू का तुझ्या लेकराला?" म्हणून रीतसर विचारलं, आणि बाळाला तिच्या मांडीवर घोड्यावर बसवतात तसं बसवलं, पावलं जमिनीला टेकवून. आई पिठाकडे वाकली की बाळ आपसूक तोल सावरायला बघे. झोळी होती तिथेच राहिली. पावसाळा संपेपर्यंत ते पोरगं एकटं बसायला लागलं. पुस्तिकेतलं ते पान बाईंनी राज्यभर बदलायला लावलं, आणि छपाईवाल्याशी भांडल्या ते वेगळंच.

आता माझ्या रागाकडे येते. एके दिवशी वरच्या ऑफिसातले एक साहेब आले. पडद्यावर नकाशा लावला आणि म्हणाले, यापुढे सगळं प्रशिक्षण मोबाईलवर. सेविकेने व्हिडिओ बघायचे, उत्तरं द्यायची, प्रमाणपत्र घरबसल्या. प्रवासाची गरजच उरणार नाही. थोडक्यात, दुसरी चक्कर बंद.

बाई म्हणाल्या, "सेविका तयार होतील, साहेब. पोरगं बसंल का?"

साहेब गोड हसले. "मॅडम, तुम्ही एकेक घर बघता. आम्हाला राज्य बघावं लागतं."

"राज्य घराघरांचंच असतंय की! तिथं जाऊन माझी मला चूक कळली. तुमची चूक तुम्हाला कोण सांगणार? त्यो मोबाईल?"

मार्चअखेर बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिलं. ज्यांनी त्यांना घालवलं तेच 'आमच्या मार्गदर्शक' म्हणून भाषण करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि पहिल्या रांगेत बसून मी मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नुसतीच बघत होते. बाईंनी नारळ पिशवीत टाकला, शाल टेबलावर ठेवली आणि जिना उतरल्या.

पुढे ते व्हिडिओ आले. त्यात बाईच होत्या! आमच्याच वर्गांचं जुनं चित्रीकरण कापून जोडलेलं. रागावणं काढून टाकलेलं, दुसऱ्या चकरेबद्दल चकार शब्द नाही. मागे मंद बासरी आणि बाई हसतमुख. माझ्या ओळखीत बाई इतक्या सलग कधी हसल्या नव्हत्या.

मग पिशोरहून सुनंदाताईंचा फोन आला. "ताई, बाई लई छान सांगायल्यात मोबाईलमधी. समदं बघितलं. पण इथं एक नवं बाळ हाय, त्याची मान एकाच अंगाला पडतीया. मला काय सुचंना. येणार कोण?"

मी फोन ठेवला आणि तडक करमाडला गेले. बाई भावाच्या घरी ओसरीवर तुरी निवडत होत्या. मी व्हिडिओ दाखवला. "ही कोण हसायलीय?" म्हणाल्या. सुनंदाताईंचा निरोप सांगितल्यावर सूप बाजूला सारलं. "कामावरून काढलंय मला. जायला बंदी कुणी केली नाय. गाडी काढ."

पिशोरला बाईंनी आधी आईला विचारलं, मग बाळ हातात घेऊन मान चाचपली, आणि मग खोलीभर नजर फिरवली. बाळाचं अंथरूण भिंतीला लागून होतं. दाराचा उजेड आणि आईचा वावर कायम एकाच बाजूला. त्यांनी अंथरूण उलट्या दिशेने घालायला लावलं, आईला पलीकडून बोलायला सांगितलं. बाळ बराच वेळ ढिम्म हललं नाही, मग त्याने कष्टाने मान वळवून आईकडे बघितलं. आईने तोंडाला पदर लावला. आरोग्य केंद्रात कुणाकडे तपासायला न्यायचं तेही बाईंनी सुनंदाताईंना बजावलं, अर्थात ओरडूनच.

परतताना मला फार हलकं वाटत होतं. म्हटलं, "बरं वाटलं ना, बाई, आज?"

"बरं?" त्या माझ्यावर कडाडल्या. "काय बरं वाटायचं त्यात? एका घरी गेलो आपण. एका! बाकीच्या घरी कोण जाणार, ते सांग."

करमाड आलं. उतरताना एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत जायचं, बघायला." त्याच्या आतच त्या गेल्या. पिशोरला मी एकटी जाऊन आले. बाळ आता दोन्हीकडे बघतं.

बाकीच्या घरी अजून कुणीही गेलेलं नाही.