क्रेनवरची गोपिका

कन्हानजवळ वीजकेंद्राचं काम चाललं होतं, साल १९७२. यंत्रं पोलंडहून आली होती आणि ती बसवायला कंपनीने माणसंही तिकडचीच पाठवली होती. चोवीस वर्षांची गोपिका रामटेके तिथे ठेकेदाराकडे विटा वाहायची.

एका सकाळी तिने वर पाहिलं आणि जागीच थबकली. छताखालून सरकणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये चक्क एक बाई होती! केसांना रुमाल बांधलेली, हेलेना नावाची. यंत्राचा वीस टनांचा भाग ती अलगद खाली ठेवत होती.

"मले ते शिकाचं आहे," गोपिका मुकादमाला म्हणाली.

नत्थू मुकादम हसला. "काहून वं? विटा जड होऊन राहिल्या का?"

ती रोज जेवणाच्या सुट्टीत शिडीखाली उभी राहू लागली. चौथ्या दिवशी हेलेनाने तिला वर बोलावलं. भाषा दोघींची वेगळी. हेलेना तिचा हात दांड्यावर ठेवी आणि त्यावर आपला. दांडा किती ढकलला की हूक किती हलतो, हे हळूहळू तळव्यालाच कळू लागलं. बदल्यात हेलेनाला भिवापुरी मिरचीच्या ठेच्याची चटक लागली.

जाण्याआधी इथली माणसं तयार करून द्यायची, असा कंपनीचा करार होता. दीड वर्षाने परीक्षा ठरली. हेलेनाने यादीत गोपिकाचं नाव घातल्यावर साहेब लोक कुरकुरले. चौथी शिकलेली मजूर बाई क्रेन काय चालवणार?

हेलेनाने काठोकाठ भरलेली बादली हुकाला अडकवायला लावली. दुभाषा म्हणाला, "त्या टोकाले न्यायची. पाणी सांडलं नाही पाहिजे."

गोपिका वर चढली. खालची सगळी कामं थांबली. मध्यावर बादलीने झोका घेतला. तिने घाबरून क्रेन थांबवली नाही. झोक्याच्या दिशेनेच किंचित पुढे नेली. बादली शांत झाली आणि पलीकडे टेकली.

नत्थूने वाकून फरशीवर हात फिरवला. "कोरडी आहे गा," तो शेजारच्याला म्हणाला.

शहात्तर साली परदेशी माणसं परतली. ठेकेदाराचे शेकडो मजूरही पांगले. त्यांतले काही कामासाठी पार भिलाईला गेले. गोपिका मात्र वीजकेंद्राच्या नोकरीत कायम झाली.

पुढल्या वर्षी दुरुस्तीसाठी टर्बाइनचा रोटर, म्हणजे त्याचा फिरणारा अवजड कणा, पहिल्यांदा बाहेर काढायचा होता. पोलंडहून कोणी आलं नाही. गोपिकाने तो क्रेनने एकटीने उचलला आणि तसूभरही ढळू न देता ओट्यावर ठेवला. शिडी उतरताना तिला हसू काही केल्या आवरत नव्हतं.