मेमरी कोण खातंय?

महाडच्या चिंतामणी गांगल सरांना नवं मशीन घेण्यापेक्षा जुनं पळवण्यातच खरा आनंद. २००९ सालीही त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एकाच जुनाट मशीनला आठ पडदे जोडलेले होते. मेमरी तोकडी, म्हणून सरांनी लिनक्स या मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात स्वतः हात घालून सोय केली होती: मेमरीतली जी पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, कोणी वापरत नाही, ती आवळून लहान करायची आणि मेमरीच्याच एका कोपऱ्यात ठेवायची. हा कोपरा भरला की मात्र आठही पडदे गप्प.

हल्ली तो रोजच भरायला लागला. कोण किती पानं तिथे पाठवतं ते सरांनी मोजलं, तर पहिला नंबर दिशाचा. ती पोलादपूरजवळच्या वाडीतून एसटीने यायची. गणपतीला मुंबईहून कोणाकडे कोण येणार, याची यादी तिने प्रोग्रामात बसवली होती. प्रत्येक घराला शंभर माणसांची जागा, बहुतेक रिकामी. शनिवारी परीक्षक येणार होते. प्रोग्राम चालला तरच सर्टिफिकेट.

"एवढी जागा अडवतेस? पाचावर आण!" सर सगळ्यांदेखत खेकसले. एरवी माणूस मायाळू, पण मेमरीच्या बाबतीत सख्ख्या भावाची गय करणार नाही.

शुक्रवारी दिशा यादी छाटून आली.

"पाचाच्या वरचे कुठे गेले?" सरांनी सहज विचारलं.

"काढले, सर. जागाच नाय तर काय करू?" ती मान खाली घालून म्हणाली.

अर्ध्या तासात पडदे पुन्हा गप्प झाले. आता सर चरकले. दिशाची यादी तर छाटलेली, मग कोपरा भरला कशाने? मोजायचं ते आवळण्याआधी नव्हे, आवळल्यानंतर! हे आधी सुचलं नाही म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. मोजणी बदलून, दिशाची जागा परत शंभर करून त्यांनी मशीन चालवलं. तिच्या रिकाम्या जागा आवळून चिमूटभर झाल्या. जवळजवळ सगळा कोपरा खात होता सरांचाच फोटो बघायचा प्रोग्राम. पाचाडला काढलेले पक्ष्यांचे फोटो ते सकाळी उघडत आणि बंद करायला विसरून जात. फोटो आधीच आवळलेले, ते आणखी काय आवळणार?

सर उभे राहिले. "खादाड मी आहे. दिशाचं काहीच चुकलं नव्हतं."

वर्ग खो खो हसला. सरही हसले, कोडं सुटलं की त्यांची लाज फार टिकत नसे. कोपऱ्यातल्या जागेची पहिली मर्यादा त्यांनी स्वतःच्या नावावर घातली. मग दिशाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"सांग, कोण कोण बाहेर राहिलं?"

"मोरूकाका, चंद्रभागाकाकी, त्यांची चार पोरं..."

ती सांगत गेली आणि सर एकेकाला आत घेत गेले.