बाबांनी साफ केलेली सहा चाकं

गाडीवाल्यांनो, आजची गंमत ऐका.

आमच्या जुन्या मिनीबसचं आम्ही आत पलंग, ओटा टाकून फिरतं घर केलंय. महिनाभर सत्तरच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं. परवा तिच्यातूनच कोकणात निघायचंय, म्हणून सकाळी बाबांना घेऊन चिंचोटीच्या टायरवाल्याकडे गेले.

मी सगळं वाचून गेले होते. चाकाचा तोल साधायला एकतर रिमला शिशाची वजनं ठोकायची, नाहीतर टायरच्या आत बारीक मणी सोडायचे, ते चाक फिरताना आपसूक जागा धरतात. माझा कल वजनांकडे होता. ती मशीनवर तपासून लावतात.

टायरवाला चाकापाशी बसला. "मॅडम, वजनं होती की याला. कुठे गेली?"

"ते तुकडे?" बाबा म्हणाले. "दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा मीच पक्कडीने उपटले. पूजेला चाक कसं स्वच्छ हवं."

सहाही चाकांचे.

टायरवाला हसला नाही. "परत ठोकतो. पण पुढच्या दसऱ्याला?"

मी मणी टाकायला सांगितले. बाबा वाकून बघत होते.

"आत काय सोडतोय तो?"

"हवा," मी म्हटलं.

तुमच्याकडे असले निर्णय गाडी बघून होतात, की घरातली माणसं बघून?