मीठ कमी

माझं आमरण उपोषण सकाळी दहा वाजता सुरू झालं आणि दुपारी दीडला मोडलं. मोडणारे माझे वडील होते.

आम्ही बोरीवलीत चौथ्या मजल्यावर राहायचो. नळ होता, त्याला पाणी नव्हतं. पाणी यायचं ते तळमजल्यावर, पहाटे पाऊण तास. अप्पा रोज बारा हंडे वर चढवायचे. वय एकसष्ट, गुडघा कामातून गेलेला, डॉक्टरांनी जिना बंद सांगितलेला. पण आई किंवा मी हंड्याला हात लावला, तर ते असे बघायचे, जणू आम्ही त्यांचा पगार कापला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस सकाळी आईला अंथरुणात चहा द्यायचा, माझा डबा भरायचा आणि मी कॉलेजात जाईपर्यंत माझ्या वेण्याही घालायचा. (वेण्या इतक्या ताठ असायच्या की त्यांना सलामी द्यावीशी वाटे.)

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझ्याकडे प्रत्येक अन्यायावर एक पत्रक तयार असे. अप्पांच्या गुडघ्यावरही मी पत्रक काढलं. 'सीमेवर बंदूक रोखून उभा राहिलेला जवान आज हंडा घेऊन उभा आहे! नागरिकांनो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?' पाचशे प्रती. लोकांनी त्या घेतल्या, घडी घातली आणि खिडक्या खडखडू नयेत म्हणून फटीत खोचल्या. म्हणून मग पाणी खात्याच्या ऑफिससमोर उपोषण.

पत्रकात एक बारीक चूक होती. अप्पांनी सीमेवर बंदूक रोखली नव्हती. ते लंगरात होते, म्हणजे फौजेचे आचारी. आयुष्यभर त्यांनी डाळ, पराठे आणि हजार माणसांचा चहा केला. मला हे ठाऊक होतं, पण पराठ्यावर क्रांती होत नाही, असं माझं ठाम मत होतं.

उपोषणाला आम्ही दोघीच बसलो. मी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शहाकाकी. त्यांनी दर वर्षी पर्युषणात आठ-आठ दिवसांचे उपवास केलेले, त्यामुळे त्या माझ्याकडे सीनियर डॉक्टरने शिकाऊ पोरीकडे बघावं तशा बघत होत्या. पाणी खात्याचे इंजिनियर साहेब आले, "बसा, बसा," म्हणाले आणि आत गेले. जणू आम्ही त्यांच्या लग्नाला आलो होतो.

साडेदहाला अप्पा आले. एका हातात पितळी स्टोव्ह, डोक्यावर स्वयंपाकाचा मोठा टोप, मागे आई मसाल्याचा डबा आणि पावाच्या लाद्या घेऊन. मला वाटलं, पाठिंबा द्यायला आले. त्यांनी फुटपाथवर स्टोव्ह मांडला, पंप मारला आणि काळ्या वाटाण्याची उसळ चढवली.

मी दातओठ खात त्यांना समजावलं की हे उपोषण आहे, इथे खायचं नसतं, तेच तर त्यात विशेष आहे. अप्पा म्हणाले, तू नको खाऊ, बाकीच्यांचं काय? मग ते ऑफिसात गेले आणि शिपायाला एका ताटाच्या बोलीवर तिथला माठ मागून आणला. माठातलं सगळं पाणी टोपात गेलं.

एक वाजता खोबऱ्याच्या वाटणाचा वास ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून आत शिरला. कारकून उतरले. आमच्यावर लक्ष ठेवायला ठेवलेले दोन पोलीस हवालदार आमच्याकडे पाठ करून बसले, कारण टोप त्या बाजूला होता. ताटल्या संपल्या तेव्हा आईने माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सोडला आणि एकेकावर पाव ठेवून दिला. पहिल्यांदाच माझी पत्रकं लोक रांग लावून मागत होते!

दीड वाजता अप्पा ताट घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. गुडघा कटकन वाजला.

"बर्फात तीन महिने अडकलो होतो, तरी माझ्या लंगरात एक जवान उपाशी झोपला नाय. तू कोण लागून गेलीस? खा गो बाय."

मी खाल्लं. तीनदा घेतलं.

"साडेतीन तास?" शहाकाकी म्हणाल्या. "आमच्यात ह्याला नाश्ता आणि जेवणाच्या मधला वेळ म्हणतात." त्यांनी स्वतः कशालाही हात लावला नाही.

शेवटी साहेब उतरले. पहिल्या घासाला वा म्हणाले. चौथ्या घासाला त्यांचे कान लाल झाले, नाकातून धारा लागल्या आणि त्यांनी शिपायाकडे पाणी मागितलं. माठ उसळीत होता. समोरच्या हॉटेलचं पिंप कोरडं, कारण तेही आमच्याच लाइनवर.

"पाणी आहे ना, साहेब," अप्पा अदबीने म्हणाले. "घरी. दोन गल्ल्या सोडून, चौथा मजला. चला."

साहेब पळत गेले. चार मजले चढले. वर ओळीने मांडलेल्या बारा हंड्यांपैकी अर्धा हंडा प्यायले, दम खात खाली बसले आणि मागून कठडा धरून एकेक पायरी चढत येणाऱ्या अप्पांचा गुडघा मोजून अठ्ठावन्न वेळा ऐकला. आठव्या दिवशी आमच्या नळाला धार आली. करंगळीएवढी, पण चौथ्या मजल्यावर.

काळे वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात, हे माझ्या लक्षात आलं ते यानंतर साधारण महिनाभराने.

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्यांच्या काळ्या ट्रंकेत फौजेच्या कागदांखाली माझं पत्रक निघालं, तेलाच्या डागासकट. 'बंदूक' हा शब्द पेन्सिलीने खोडून वर 'पळी' लिहिलं होतं. बाकी मजकूर त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असावा, कारण तळाशी शेरा होता, 'मीठ कमी'.

उसळीबद्दल असेल, अशी मी अजून स्वतःची समजूत घालते. पण उसळ मी तीनदा घेतली होती. तिच्यात मीठ अगदी बरोबर होतं.