सत्यशीलाच्या लहानपणाची साक्ष

चाकूरच्या सत्यशीलाचं आयुष्य बोलणी खाण्यात गेलं. मिक्सर लागला की ती कान झाकायची, गॅसवरचं दूध हमखास विसरायची. त्यापायीच नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. चाळिशीत मोबाइलवर तिला कळलं, की आवाज सहन न होऊ देणारा ऑटिझम आणि लक्ष टिकू न देणारी एडीएचडी एकाच बाईत असू शकतात. ती तपासून घ्यायला गेली, तेव्हा लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे लहानपणापासून असावं लागतं. तेव्हाचं सांगायला आईला घेऊन या."

आई साखराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. लग्नाआधी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं होतं, तेच तिनं सांगितलं, "लई शांत पोर हाय. सगळ्यांत मिसळती. काई विसरत न्हाई."

"मग लहानपणी तर काहीच नव्हतं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली.

बाहेर आल्यावर माय हळूच म्हणाली, "झाकलं बघ समदं. आता तुला कुणी येडी म्हणायचं न्हाई."