पेपर चालू असताना दिलेलं दही

इथे ऑनलाइन शिकणारे बरेच जण आहेत, म्हणून लिहिते.

नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन पदवी घेणाऱ्यांना मदत करणाऱ्या आमच्या संघटनेची आज ओतूरला बैठक होती. विद्यापीठाने कुणाचा पेपर रद्द केला की त्या परीक्षेचा व्हिडिओ तपासणं माझं काम.

महाळुंग्याच्या अंगणवाडी सेविका सुनंदाताईंना पर्यवेक्षिका व्हायला पदवी हवी. वयोमर्यादा यंदा संपते. घरून शेवटचा पेपर देताना सासूबाई आल्या आणि सुनेच्या हातावर दही-साखर ठेवून गेल्या. कॅमेऱ्यात दोन चेहरे आले, पेपर रद्द झाला. संघटनेने विद्यापीठाकडे फेरपरीक्षेची शिफारस करायची का, एवढाच प्रश्न होता.

अध्यक्षांनी व्हिडिओ पडद्यावर लावायला सांगितला. सगळे हसले.

"आजी, दही पेपराच्या आधी देत्यात!" कोणीतरी ओरडलं.

सासूबाई मागेच बसल्या होत्या. "तवा दही लागलंच नव्हतं, भाऊ."

आणखी हशा.

"मॅडम, उत्तर सांगितलं का त्यांनी?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"नाही. 'पास हो, बाय' एवढंच म्हणाल्या."

"आणि नियम?"

"दुसरा चेहरा दिसला की पेपर रद्द."

"मग संपलं. शिफारस नाही."

दुपारी सत्कार झाले. 'जिद्दी विद्यार्थिनी' म्हणून सुनंदाताईंचं नाव पत्रिकेत आधीच छापलं होतं. त्यामुळे शाल-नारळ त्यांनाच दिला. फोटोसाठी दोनदा हसायला लावलं.

जिन्यात सासूबाईंनी तो नारळ माझ्यापुढे धरला. "पोरी, ह्यो पास झाल्याचा का नापास झाल्याचा?"

तुम्ही काय सांगितलं असतं?