फाटकाबाहेरचा शौकत

शौकतला अख्खी दुबई-शारजा पाठ होती, पण बाहेरून. गावाहून नवा माणूस आला की शौकत त्याला बाग, प्राणिसंग्रहालय, किल्ल्यातलं म्युझियम असं काही समजावून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तिथला भागीदारच आहे. "आत शिरलास की डावीकडे झुकझुक गाडी, उजवीकडे झोपाळे, मधे कारंजं. कारंज्याजवळ बसायचं, वारा छान येतो." आणि या गृहस्थाने अकरा वर्षांत त्यातल्या एकाही फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. गुरुवार-शुक्रवार बागा फक्त कुटुंबवाल्यांच्या. एकट्या पुरुषाला चौकीदार हात आडवा करायचा. शौकतला सुट्टी मिळायची ती शुक्रवारी दुपारी, आणि त्याचं कुटुंब गुहागरच्या अलीकडच्या एका गावात चूल फुंकत बसलेलं. मग एवढी माहिती आली कुठून? तर शेठची मुलं येता-जाता गाडीत जे बडबडायची, ते ऐकून ऐकून त्याने जमवली होती.

शेठ म्हणजे रफिकभाई. मूळचे रत्नागिरीचे. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि शौकत त्यांच्या घरचा ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा निदान राग तरी धरता येतो. रफिकभाई गोड बोलायचे, ईदला कपडे द्यायचे आणि शौकतचा पासपोर्ट कपाटात कुलूप लावून सांभाळायचे.

त्यांचा धाकटा भाऊ उझैर अमेरिकेत, ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबसला. सत्याण्णव साली शेठचं सगळं घर तिकडे महिनाभर जाऊन आलं, आणि पुढचं वर्षभर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या सहलीची व्हिडिओ कॅसेट सक्तीने पाहावी लागली. कॅसेट लावायचं काम शौकतचं. तो दाराशी उभा राहून पाहायचा. नदीत उभं केलेलं जुन्या बनावटीचं लाकडी जहाज. विज्ञानाच्या संग्रहालयात छतापासून लोंबणारा, संथ झुलणारा गोळा. मोठं प्राणिसंग्रहालय. आणि जत्रेतली काचेआडची गाय, शिंगांपासून शेपटीपर्यंत लोण्याची! शौकतने ही गाय टेपवर वर्णन करून गावी पाठवली. नवरा-बायकोची पत्रं अशीच, कॅसेटवर चालायची. महिन्याभराने मैमुनाबीचा आवाज आला, "एवढं लोणी नुसतं बघायला ठेवतात? मग ते खातात कधी?" शौकत ती टेप उलटी फिरवून तीनदा ऐकत हसला होता.

लग्नाला चौदा वर्षं झालेली. पहिली तीन वर्षं शौकत मुंबईला टॅक्सीवर होता; गेल्या अकरा वर्षांत दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस असा हिशेब धरला तर संसार भरतो साडेसात महिन्यांचा. मूल नव्हतं. साडेसात महिन्यांच्या संसारात ते कधी व्हायचं, हा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. दोष मैमुनाबीच्या पदरात टाकून सगळे मोकळे झाले होते.

नव्याण्णवच्या जूनमध्ये रफिकभाई म्हणाले, "शौकत, जुलैत आम्ही पुन्हा कोलंबसला. घर रिकामं, गाडी रिकामी. मी व्हिजिट व्हिसा काढतो, बायकोला बोलव. फिरव तिला. तू पण माणूसच आहेस ना!"

शौकतला त्या रात्री झोप लागली नाही. त्याची मागणी काही फार मोठी नव्हती. एका शुक्रवारी बायकोला घेऊन बागेच्या फाटकाशी जायचं, पाच-पाच दिरहमची दोन तिकिटं काढायची, आणि चौकीदाराने 'फॅमिली?' विचारलं की मान हलवून आत शिरायचं. आत जाऊन भाजलेला मका खायचा. बस्स.

मैमुनाबी एक जुलैला उतरली. बरोबर कोकमं, कुळथाचं पीठ आणि शेजारणीकडून मागून आणलेली बॅग. आणि चारच दिवसांत बातमी आली की शेठच्या घरच्यांचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला. शेठच्या बायकोने, जहांआराभाभींनी, दिवसभर अमेरिकेला शिव्या घातल्या. संध्याकाळी उझैरचा फोन आला, "तुम्ही येत नाही तर आम्हीच येतो." घरची श्रीलंकन मोलकरीण मात्र सगळे जाणार म्हणून आधीच दोन महिन्यांच्या रजेवर गेलेली.

पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. दुसऱ्या सकाळी भाभी शौकतच्या खोलीच्या दारात. "मैमुना, जरा दोन-चार दिवस हात लावशील? आपलंच घर आहे." 'आपलंच घर' हे शब्द कानावर पडले की गरिबाने ओळखावं, आता भांडी घासायची आहेत. मैमुनाबीने पदर खोचला. उझैर आला, त्याची बायको फिरदोस आली, दहा वर्षांचा मुलगा आला आणि नऊ महिन्यांची तान्ही आली. ती तान्ही पहिल्याच दिवशी मैमुनाबीच्या कडेवर बसली ती उतरेचना. "किती छान सांभाळते ही!" फिरदोस म्हणाली. "ठेव ना बरोबर," रफिकभाई म्हणाले. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

मग सुरू झाली फिरती. जुलैचं ऊन, गाडीचं दार धरलं तर हात भाजावा. शौकत पुढे, पाहुणे मधे, सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर मैमुनाबी आणि तान्ही. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सगळे शारजातल्या खाडीकाठच्या, शौकत कारंजं सांगायचा त्याच बागेपाशी उतरले. फाटकाशी रफिकभाईंनी माणसं मोजली, "चार मोठे, तीन बच्चे, एक मेड."

"और ये?" चौकीदाराने शौकतकडे बोट केलं.

"ड्रायव्हर है. बाहर रुकेगा."

शौकत बायकोपासून हातभर अंतरावर उभा होता. तिने वळून पाहिलं. तान्ही रडायला लागली, भाभी म्हणाल्या "यल्ला, चल," आणि ती आत गेली. शौकत गाडीत येऊन बसला. पेट्रोल जाळायचं नाही असा नियम होता, म्हणून एसी बंद. दीड तास तो घाम पुसत बसला.

तीन आठवडे हेच. प्राणिसंग्रहालय झालं, म्युझियम झालं, खोर फक्कानचा समुद्र झाला. ती बाग तर चारदा झाली. उझैरचा मुलगा प्रत्येक ठिकाणी नाक मुरडायचा, "डॅड, आवर झू इज वे बिगर. देअर इज नथिंग हिअर." त्या 'नथिंग'मध्ये मैमुनाबी तान्हीला खांद्यावर थोपटत फिरत होती आणि शौकत फाटकाबाहेर होता.

एका रात्री खोलीत शौकतने कौतुकाने विचारलं, "झोपाळे बघितलेस? उजवीकडचे?"

"झोपाळे डावीकडे आहेत," मैमुनाबी म्हणाली.

"आणि कारंजं?"

"कारंजं कुठलं अवो? हौद आहे, कोरडा. त्यात पोरं बाटल्या टाकतात."

तिने सहज सांगितलं. पण शौकतचं तोंड उतरलं. अकरा वर्षं ज्या कारंज्याजवळ त्याने लोकांना बसवलं, ते कारंजंच नव्हतं. तो कुशीवर वळून झोपल्याचं सोंग करून पडला. बायकोचा त्याला हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही.

मैमुनाबीचा व्हिसा मंगळवारी संपत होता. आधीच्या शुक्रवारी शेठ आणि उझैर मासे धरायला बोटीवर जाणार होते. निघता निघता रफिकभाईंना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "दोन तास गाडी घे. बायकोला फिरवून आण." भाभींना सांगायचं त्यांच्या डोक्यातून गेलं, आणि शौकतला वाटलं त्यांनी सांगितलं असेल. भाभी आणि फिरदोस दुपारच्या झोपेत होत्या, तान्हीही झोपली होती. मैमुनाबीने ईदची जांभळी साडी नेसली. शौकतने दाढी केली, अत्तर लावलं. गाडीत ती पुढे बसली, त्याच्या शेजारी, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

फाटकाशी शौकतने दहाची नोट पुढे केली. "दो टिकट. फॅमिली." हा शब्द त्याने वाटेत दोनदा घोळवून ठेवला होता.

चौकीदार हसला. मग त्याने मैमुनाबीकडे पाहिलं आणि हसू थांबवलं. "ये तो तुम्हारे सेठ की मेड है."

"मेरी बीवी है."

"अरे भाई, तीन हफ्ते से देखता हूँ. ये बच्ची लेकर अंदर, तुम बाहर. कभी बात भी नहीं करते. कौन सी बीवी?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "पिछले महीने एक ड्रायव्हर और एक मेड को पुलिस इधर से ले गई. मेरी नौकरी जाते-जाते बची. निकाहनामा है? पासपोर्ट?"

पासपोर्ट दोन्ही शेठच्या कपाटात. निकाहनामा गावच्या ट्रंकेत. कोण बागेत जाताना निकाहनामा खिशात घालतो? मागे रांग लागली. मुलंबाळं घेतलेली माणसं मैमुनाबीकडे जशी पाहत होती, तसं तिच्याकडे गावात कुणी पाहिलं नसेल. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"घर पे फोन लगाओ," चौकीदार म्हणाला. कोपऱ्यातल्या फोनवर शौकतने घरचा नंबर फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"मॅडम, आपका ड्रायव्हर आपकी मेड को लेकर इधर आया है."

पलीकडून भाभींचा आवाज शेजारी उभ्या शौकतलाही ऐकू आला. "उसको किसने छुट्टी दी? बच्ची उठके रो रही है! दोनों को फ़ौरन वापस भेजो."

शौकतने रिसीव्हर जवळजवळ हिसकावला. "भाभी, शेठनीच पाठवलं आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा त्याला, ही माझी बायको आहे म्हणून. एकच वाक्य, भाभी."

क्षणभर पलीकडे फक्त तान्हीचं रडणं. मग भाभी म्हणाल्या, "शौकत, तमाशा नको. पोलीस आले तर शेठचं नाव जाईल. यल्ला, घरी या. खलास." आणि फोन ठेवला.

एका वाक्याला जीभ किती झिजली असती? पण भाभींच्या मनात मैमुनाबी कधीच मोलकरीण होऊन बसली होती, आणि महिन्याभरापूर्वी ती कुणाची बायको म्हणून आली होती हे त्यांना आठवायला सवड नव्हती.

चौकीदाराने नोट परत केली. "जाओ भाई. मैंने कुछ नहीं देखा." उपकारच केले त्याने.

शौकतला कुणावर तरी ओरडायचं होतं. शेठवर ओरडता येत नव्हतं, भाभींवर नाही, चौकीदारावर तर नाहीच. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "तुला कुणी सांगितलं होतं त्यांची पोर कडेवर घेऊन मिरवायला?" तो सगळ्यांदेखत खेकसला. "मोलकरणीसारखी वागलीस, मग लोक मोलकरीणच म्हणणार!"

बोलून झाल्याबरोबर शौकतला आपलंच तोंड फोडावंसं वाटलं, पण शब्द बाहेर पडले होते. मैमुनाबी गाडीपाशी गेली. पुढच्या दारापाशी थबकली, मग मागचं दार उघडून सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर, रोजच्या जागी, जाऊन बसली.

"पुढे ये गो," असं शौकतच्या ओठांवर आलं. चौकीदार अजून त्यांच्याकडेच पाहत होता. शौकतने आरसा सरळ केला, त्यात ती दिसेनाशी केली, आणि गाडी घराकडे वळवली.